अप्लाइड आर्टचं पहिलं वर्ष: आधी पोस्टर कलर, मग लॅपटॉप

प्रश्न थोडक्यात असा: बारावी विज्ञान झाली, यंदा बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) उपयोजित कलेला प्रवेश पक्का झाला, वर्ग सुरू व्हायला दीड महिना आहे. तोवर इलस्ट्रेटर-फोटोशॉपचा क्लास लावावा का, लॅपटॉप कोणता घ्यावा आणि चार वर्षांत शिकवतात तरी काय?

क्लास लावू नका आणि लॅपटॉप आत्ता घेऊ नका. बऱ्याच कॉलेजांत पहिलं वर्ष हे फाउंडेशन असतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं काम हातानं करायचं असतं: वस्तुचित्र, निसर्गचित्र, द्विमित संकल्पन (सपाट कागदावरची रचना), त्रिमित संकल्पन (घन वस्तूची रचना), रंग, अक्षरलेखन, थोडं प्रिंटमेकिंग (ठशांवरून चित्र छापणं). क्लासमध्ये दीड महिन्यात जी टूल्स शिकाल ती वापरायची वेळ येईपर्यंत निम्मी विसरलेली असतील. त्याहून मोठा तोटा म्हणजे 'ग्रेडियंट टाकला, शॅडो टाकली, झालं' ही सवय लागते, आणि ती मोडायला दुसरं वर्ष खर्ची पडतं.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. उपयोजित कला, व्हिज्युअल कम्युनिकेशन, कम्युनिकेशन डिझाइन या पाट्यांखाली शिकवलं जाणारं बरंचसं काम एकच आहे: सांगायचं ते अक्षर, चित्र आणि मांडणीतून दुसऱ्यापर्यंत पोचवणं. वळण मात्र वेगळं. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ची, तिथं व्यावसायिक कलेचा विभाग १९३५मध्ये निघाला आणि १९६१मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. या परंपरेत हाताचं कौशल्य आणि जाहिरात हे दोन खांब. आयआयटी मुंबईचं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइनचा विभाग, १९६९चं. तिथला पदवीपूर्व बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) २०१५मध्ये सुरू झाला. तिकडं वापरणाऱ्याचा अभ्यास आणि समस्येची मांडणी यांवर जास्त भर असतो. तुमचा प्रवेश बीएफएला झालाय, म्हणजे हात तयार करून घेण्याची संधी आयती मिळाली आहे. विषयांची नावं आणि श्रेयांक कॉलेजागणिक बदलतात, त्यावर फार विचार करू नका.

दीड महिन्यात करण्यासारखा एक अभ्यास सविस्तर सांगतो, कारण पहिल्या सत्रात निम्मा वर्ग इथंच अडकतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची करडी पट्टी. ऐकायला पोरखेळ वाटतो. साहित्य: कार्ट्रिज कागद, पांढऱ्या पोस्टर कलरच्या दोन बाटल्या (पांढरा नेहमी जास्त लागतो), काळ्याची एक, सहा नंबरचा चपटा ब्रश, दोन पाणीभांडी आणि चिनीमातीची किंवा प्लॅस्टिकची पॅलेट. मध्यावरचा पाचवा करडा मिळवायला बहुतेक जण पांढरा आणि काळा निम्मे-निम्मे घेतात, आणि हाती येतो जवळजवळ काळा. कारण असं की डोळ्याला जो करडा बरोब्बर मधला वाटतो, तो प्रत्यक्षात साधारण १८ टक्केच प्रकाश परावर्तित करतो. आणि काळ्याची रंगवण्याची ताकद पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून नेहमी पांढऱ्यात काळा घालायचा, ब्रशच्या टोकानं, थेंबाथेंबानं. काळ्यात पांढरा घालत बसलात तर बाटली संपेल आणि छटा मिळणार नाही.

दुसरी अडचण वाळण्याची. पोस्टर कलरच्या फिकट छटा वाळल्यावर किंचित गडद होतात आणि गडद छटा किंचित फिकट. ओल्या रंगावरून ठरवलेली पायरी वाळली की शेजारणीला चिकटते. त्यामुळे चौकटी आखून थेट त्यातच रंग भरू नका. सुट्या कागदावर पंधरा-वीस छटा रंगवा, पूर्ण वाळू द्या, चार सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि टेबलावर ओळीनं लावून बघा. डोळे किलकिले केले की दोन चौकोनांमधली कड कुठं उडी मारते आणि कुठं गायब होते ते कळतं. सगळ्या कडा सारख्याच दिसू लागल्या की पट्टी जमली. मग रबर सोल्युशननं चिकटवा. पाण्यात कालवलेला डिंक कागद फुगवतो.

तिसरी अडचण सपाटपणाची. रंगात ब्रशचे फटकारे दिसतात ते दोनच कारणांनी: रंग घट्ट आहे किंवा अर्धवट वाळलेल्या जागेवरून ब्रश पुन्हा फिरवलाय. रंग पातळ मलईइतका सैल हवा. ब्रश उचलला की धार तुटत तुटत पडली पाहिजे. पहिला हात आडवा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा. पाणी जास्त झालं तर डाग पडतात आणि खालची पेन्सिल दिसते.

ही पट्टी झाली की तिच्या शेजारी पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा, निळा, हिरवा असे शुद्ध रंग ठेवून प्रत्येकाची जागा कितव्या पायरीवर ते ओळखा, आणि मग मोबाइलनं फोटो काढून तो कृष्णधवल करा. पिवळा वरच्या पायऱ्यांवर जातो, जांभळा तळाशी, हे सगळे ओळखतात. लाल आणि हिरव्यापाशी मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण दोन्ही अगदी वेगळे दिसत असूनही त्यांची उजळता पुष्कळदा जवळपास सारखी असते. लाल पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरं डोळ्यांपुढं नाचतात ती याच कारणानं. नंतर पोस्टर करताना 'रंग छान आहेत पण वाचता येत नाही' असा शेरा मिळाला की चूक इथलीच असते.

आता अक्षरांकडं. मराठी मुलं हातातली गोष्ट सोडून देतात ती इथंच. वर्गातल्या बहुतेकांच्या कामात इंग्रजी अक्षरं नीट बसलेली असतात आणि मराठी मथळा मात्र कुठला तरी फॉन्ट उचलून चिकटवलेला. मुंबई-पुण्यातल्या एजन्सीला, प्रकाशकाला, सरकारी मोहिमेला देवनागरी समजणारा माणूस हवा असतो, आणि तसे फार थोडे मिळतात. याच जे. जे.त शिकलेल्या र. कृ. जोशींनी विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला. आज गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे आहेत. म्हणजे ही परंपरा घराजवळचीच आहे.

सुरुवात बोरूनं करा. रोमन अक्षरासाठी तासलेल्या निबेची कड डावीकडून उजवीकडं वर चढती धरतात. देवनागरीचा बोरू उलट्या तिरकसपणानं तासलेला असतो. त्यामुळे जाड-बारीक रेषा रोमनच्या उलट दिशेला पडतात. इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबेनं 'अ' काढला की तो आपला वाटत नाही, कारण जाडी चुकीच्या खांद्यावर येते. उंची बोरूच्या रुंदीच्या पाच-सहापट धरून सुरुवात करा आणि आधी फक्त ग, त, न, म, भ ही कान्याची अक्षरं गिरवा. मग व, ब, क ही गाठीची. ट, ठ, ड, ढ, द, ह सगळ्यात शेवटी, कारण त्यांना आधाराला उभा दंड नसतो.

मोठं अक्षर रेखाटून भरताना शिरोरेषा उभ्या दांड्यापेक्षा किंचित बारीक ठेवा. मोजून सारखी ठेवली तर आडवी रेघ डोळ्याला जाड दिसते. मात्रा, वेलांटी आणि अनुस्वारासाठी वर अक्षराच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास जागा सोडा, उकारासाठी खालीही तेवढीच. ही जागा न सोडता मथळा चौकटीत बसवला की शेवटी वेलांटी चेपली जाते, आणि चेपलेली वेलांटी लांबूनही ओळखू येते.

अंतराचं एक उदाहरण. समजा असाइनमेंट रव्याच्या पाकिटाची आहे. 'रवा' हा शब्द घट्ट बसवला की र आणि व जवळ येऊन 'ख' होतो, आणि पाकिटावर 'खा' वाचलं जातं. विनोद म्हणून छान, पण पाकीट नापास. र नंतर खालच्या बाजूला मोकळी जागा राहते म्हणून डोळा ती भरायला जातो आणि हात अक्षरं जवळ ओढतो. मोजपट्टीनं अंतर सारखं करू नका, शिरोरेषेखालची पांढरी जागा सारखी वाटेल असं बघा. दोन उभे दांडे शेजारी आले तर अंतर वाढवा, गोलाई शेजारी आली तर कमी करा. पण र-व ही जोडी आली की नियम बाजूला ठेवून शब्द दुसऱ्याला वाचायला लावा.

दुसऱ्या वर्षी संगणक आला की हेच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतात. इनडिझाइनमध्ये (पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मराठी मजकूर टाकला आणि 'कि'ची वेलांटी क च्या पुढं गेली, जोडाक्षरं सुटी झाली, तर फॉन्ट बिघडलेला नसतो. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला नसतो. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू करावं लागतं, मगच तो पर्याय दिसतो. शब्दाला ट्रॅकिंग (अक्षरांमधलं सरसकट अंतर) देऊन अक्षरं फाकवू नका. शिरोरेषा तुटते आणि मराठी शब्द दातांमध्ये फटी असल्यासारखा दिसतो. दोन ओळींतलं अंतर इंग्रजीसारखं अक्षराच्या मापाच्या ठरावीक १२० टक्क्यांवर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला धडकतो. १४०पासून सुरुवात करा, लहान अक्षरात दीडशेही लागतं.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टात, म्हणजे युनिकोडच्या (सगळ्या फॉन्टांत चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक संकेताच्या) आधीच्या, टाइप केलेला मजकूर प्रकाशकाकडून आला तर तो दुसऱ्या फॉन्टात टाकताच निरर्थक चिन्हं होतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मग ओळ न् ओळ तपासा. ऱ्य, ऱ्ह, क्ष, ज्ञ आणि रफार इथं हमखास घोळ होतो. पावसाळी सहलीच्या पोस्टरवर 'दऱ्या' हवं होतं आणि 'दर्या' छापलं गेलं तर डोंगरातल्या घळीचा समुद्र होतो. ल आणि श यांचंही बघा. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत, महाराष्ट्र शासनानं २००९च्या निर्णयात ते ठरवून दिले आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की बरोबर रूप येतं. सगळ्यांत ही सोय नसते, म्हणून फॉन्ट निवडतानाच 'लोकल' आणि 'शाळा' हे दोन शब्द टाइप करून बघा.

आणखी एक नेहमीची चूक: मराठी मथळ्याला बाहेरून रंगीत कड दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर उभी रेघ उमटते. अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात आणि कड प्रत्येकाला सुटी लागते. फाइलची प्रत काढा, मजकुराचे आउटलाइन्स करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात), इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधून 'युनाइट' करून ते जोडा आणि मग कड द्या. मूळ टाइप केलेली फाइल मात्र जपून ठेवा, शुद्धलेखनाची चूक नेहमी त्यानंतरच सापडते.

कल्पना सुचण्याबद्दल फार बोललं जातं, मी थोडक्यात सांगतो. विषय मिळाला की २५ थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, काढा, प्रत्येक साधारण ५ × ७ सेंटिमीटर, जाड मार्करनं. बारीक पेन हातात असलं की माणूस डोळ्याच्या पापण्या काढत बसतो. पहिल्या आठ-दहांत तेच येतं जे वर्गातल्या प्रत्येकाला सुचलंय: पाणी वाचवा म्हटलं की नळ आणि थेंब, वाहतूक म्हटलं की सिग्नलचे तीन दिवे. ते कागदावर उतरवून मोकळं व्हायचं, कारण पुढचं त्यांच्या मागं अडकलेलं असतं. थंबनेलची चौकट अंतिम कागदाच्या प्रमाणातच हवी. चौरसात सुचलेली मांडणी उभ्या हाफ इम्पिरियलवर, म्हणजे १५ × २२ इंचांवर, ओढली की मध्ये आधी नसलेली रिकामी जागा तयार होते आणि तिथं मग निष्कारण एक फूल येऊन बसतं. पिंटरेस्ट उघडायचं तर थंबनेल झाल्यावर.

भिंतीवर लावून बघा, आणि दहा फुटांवरून बघा. दूरवरच्या वाचनाचा ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच अक्षर असा आहे. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, मात्रा धरून नाही. रस्त्याच्या पलीकडून, पंधरा फुटांवरून, वाचायच्या पोस्टरला दीड इंच. त्याहून लहान ओळ हवीच असेल तर ती जवळ येणाऱ्यासाठी आहे हे मांडणीतून कळू द्या.

तिसऱ्या वर्षी छपाईशी गाठ पडते, आणि तिथल्या चुकांना पैसे पडतात. फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया: सायन, मजेंटा, पिवळा, काळा), चित्रं प्रत्यक्ष आकारात ३०० पीपीआयला (इंचाला पिक्सेल), चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी जादा छापलेली कड), एवढं सगळ्यांना पाठ असतं. याच्या पुढच्या तीन गोष्टी विसरल्या जातात. लहान मजकूर फक्त काळ्या शाईत, के १००. आरजीबीतला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा तसाच बदलला तर तो चार शायांचा होतो आणि प्लेट केसाएवढी हलली तरी अक्षरांना रंगीत सावली येते. निळा हवा असेल तर सायन आणि मजेंटा सारखे घेऊ नका, छापून जांभळा येतो. मजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा निऑन नारिंगी चार शायांत येतच नाही, तेव्हा ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढं, छापील प्रत लावायची असेल तर स्क्रीन बघून रंग ठरवू नका. होर्डिंगला मात्र ३०० पीपीआयचा आग्रह नको. २० × १० फुटांचं काम एक दशांश आकारात ३०० पीपीआयनं केलं की पूर्ण आकारात ते ३० उरतं आणि शंभर फुटांवरून तेवढं पुरतं.

पुस्तकाच्या मुखपृष्ठाची असाइनमेंट येईल तेव्हा कण्याचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीचा, हिशेब असा करा. डेमी अष्टमांश, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. १४० × २१६ मिलिमीटर. पानं १९२, म्हणजे कागद ९६. सत्तर जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे पुस्तकाच्या आतल्या साध्या कागदाचा, एक कागद ०.०९५ मिलिमीटर धरला तर कणा साधारण ९ मिलिमीटर. पूर्ण आवरणाची रुंदी १४० + ९ + १४०, अधिक दोन्हीकडचं ब्लीड, मिळून २९५. उंची २१६ + ६, म्हणजे २२२. जाडी कागद गिरणीनुसार बदलते, म्हणून प्रेसवाल्याकडून कोऱ्या कागदांची डमी घेऊन ती मोजा. कण्यावरचं नाव एक मिलिमीटर सरकलं की ते मुखपृष्ठावर डोकावतं, आणि दुकानात पुस्तक उभं ठेवल्यावर ग्राहकाला पहिल्यांदा दिसतो तो कणाच.

चौथ्या वर्षी एकाच विषयावर पूर्ण मोहीम करायची असते. हमखास चूक: एकच चित्र पाच मापांत ताणलेलं. वर्तमानपत्र हातात धरून वाचतात, होर्डिंग गाडीतून तीन-चार सेकंद दिसतं, मोबाइलवरची जाहिरात अंगठा थांबला तरच. कल्पना एक, पण सांगणं प्रत्येक ठिकाणी वेगळं हवं. एआयनं काढलेली चित्रं आजकाल सगळ्या वर्गात दिसतात. ज्युरी थंबनेल मागते तेव्हा ती हजर नसतात, आणि त्या चित्रांतली देवनागरी कधी कधी नुसती अक्षरासारखी दिसणारी रेघोट्यांची रांग असते. परवानगी असेल तर संदर्भापुरतं वापरा, अक्षरं मात्र स्वतः बसवा.

पोर्टफोलिओसाठी आत्तापासून एक सवय लावून घ्या: प्रत्येक सबमिशन जमा करण्याआधी त्याचा फोटो. ढगाळ दिवशी, खिडकीजवळ, काम भिंतीला सपाट लावून, कॅमेरा बरोब्बर मध्यासमोर. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पांढरा हिरवट येतो. थंबनेलचे कागदही फेकू नका. नोकरीच्या मुलाखतीला दहा-बारा कामं पुरतात, त्यात निदान तीन देवनागरीची असू द्या.

राहिला लॅपटॉप. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घ्या. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. आणि दुकानदार प्रोसेसरबद्दल बोलत असेल तेव्हा त्याला स्क्रीनबद्दल विचारा. पडदा शंभर टक्के एसआरजीबीच्या (पडद्यांच्या प्रमाण रंगकक्षेच्या) जवळ हवा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर त्यावर लाल रंग विटकरी दिसतो, तो घेऊ नका. तोपर्यंत सराव करायचाच असेल तर इंकस्केप आणि क्रिटा ही चित्रांची सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरच्या जुन्या संगणकावरही चालतात, आणि इंकस्केपमध्ये मराठी जोडाक्षरं कुठलंही सेटिंग न बदलता नीट येतात.